चकली सेव्हरी, मग लाडू काय?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीला घरून दिवाळीचा फराळ करून देते. गल्लीपासून सुरुवात झाली. आता आमच्या भागातली जी पोरं इंग्लंड-अमेरिकेला गेली, त्यांचे आईवडील माझ्याकडून डबे नेतात आणि तिकडे पाठवतात. यंदा लेस्टरला राहणारी माझी भाची म्हणाली, तिच्या ऑफिसातल्या तिकडच्या मैत्रिणींनाही डबे हवेत, तर आत एक इंग्रजी पत्रक घाल. माझ्या मुलाने पत्रक केलं. त्यात दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'सेव्हरी' आणि खाली चकली, कडबोळी, शेव, पोह्यांचा चिवडा. दुसऱ्यावर 'अनसेव्हरी' आणि खाली बेसनाचे लाडू, करंज्या, अनारसे, शंकरपाळे. भाचीला फोटो पाठवला तर म्हणाली, मावशी, तो दुसरा शब्द आधी खोड. का, ते तिला नीट सांगता येईना.

आमच्या शेजारी इंग्रजीचे निवृत्त शिक्षक राहतात. ते म्हणतात, सेव्हरी म्हणजे रुचकर, लाडूही रुचकरच, तेव्हा सगळाच फराळ सेव्हरी. मुलगा म्हणतो, मग सरळ 'सॉल्टी' लिहू. सून म्हणते, 'स्पायसी' लिहा. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने स्पेलिंगमधला यू काढायला सांगितलंय. मागच्या वर्षी तिकडच्या एका बाईंनी माझ्या गोड्या मसाल्याची आमटी करून पाहिली आणि कळवलं की फार सेव्हरी झाली. आमटीत तर गूळ असतो! आणि मोबाइलवरच्या एका पाककृतीत 'एक चमचा सेव्हरी घाला' असं लिहिलंय. ते काय असतं? पत्रक छापायला द्यायचंय, लवकर सांगा.

— फराळवाल्या काकू, सांगली

उत्तर

काकू, नमस्कार.

पत्रक अजून छापखान्यात गेलं नसेल तर उत्तम. गेलं असेल तर आधी तिथे फोन करा, मग पुढचं वाचा. भाचीचं बरोबर आहे. 'अनसेव्हरी' हा शब्द लाडवांच्या डोक्यावर राहता कामा नये. इंग्रजीत आज तो खाण्यापेक्षा माणसांना आणि प्रकरणांना जास्त लावतात. ज्याच्याशी संबंध ठेवू नये असा इसम, चारचौघांत ज्याचा विषय काढू नये असा व्यवहार, बदनाम झालेला अड्डा, हे सगळं अनसेव्हरी. खाण्याला लावलाच तर अर्थ होतो बेचव किंवा किळस यावी असं. साजूक तुपातल्या बेसनाच्या लाडवांवर हा शिक्का बसला तर तिकडची बाई डबा बाजूला ठेवून देईल, आणि का ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

मुलाला मात्र रागावू नका. 'हॅपी'चं 'अनहॅपी' होतं तसं त्याने केलं. गोची अशी की सेव्हरी या शब्दाला दोन ठळक अर्थ आहेत आणि प्रत्येकाचा विरुद्ध शब्द वेगळा. 'चवीला छान' या अर्थाच्या उलट अनसेव्हरी. 'गोड नसलेलं' या अर्थाच्या उलट स्वीट. तुमच्या पत्रकाला हवा आहे तो दुसरा अर्थ. तेव्हा रकान्यांवर 'सेव्हरी' आणि 'स्वीट' असं लिहा. पत्रकाची नड एवढ्याने भागेल, पण तुमचे बाकीचे प्रश्न याच शब्दाच्या पोटातले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेजारच्या सरांचं म्हणणं चुकीचं मुळीच नाही, फक्त जुनं आहे. लॅटिनमध्ये 'सापोर' म्हणजे चव. त्याचं क्रियापद 'सापेरे', म्हणजे चव घेणं, आणि त्याचाच दुसरा अर्थ समज असणं, शहाणपण असणं. माणूसजातीला शास्त्रज्ञांनी दिलेलं 'होमो सेपियन्स' हे नाव त्याच क्रियापदावरून आलंय. ज्याला चव कळते त्याला शहाणपणही कळतं, असं त्या भाषेने मानलं. 'रसिक' हा आपला शब्दही जिभेपासून निघून गाण्याच्या बैठकीपर्यंत पोहोचलाच आहे. तर तो लॅटिन शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा सेव्हरीचा अर्थ होता चवीला किंवा वासाला छान. १६११ साली निघालेल्या इंग्रजी बायबलमध्ये आंधळा झालेला म्हातारा इसहाक आपल्या मुलाला सांगतो, शिकार करून आण आणि मला आवडतं तसं 'सेव्हरी मीट' करून दे. तिथे सेव्हरी म्हणजे सरांचं रुचकर. 'अनसेव्हरी' याच अर्थाला जोडलेला आहे. 'सेव्हर' हे क्रियापदही याच घरातलं. त्याचा अर्थ घास तोंडात घोळवून, सावकाश, आस्वाद घेत खाणं. ते क्रियापद लाडवांनाही चालतं, चकलीलाही, आणि सुट्टीतल्या एखाद्या निवांत सकाळलाही.

पण 'सेव्हरी' हे विशेषण आज नुसतं ऐकलं तर इंग्रज माणसाच्या मनात आधी उभा राहतो तो दुसरा अर्थ, म्हणजे गोड नसलेला पदार्थ. हा अर्थ तिकडच्या जेवणाच्या मांडणीतून आलाय. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणि नंतरही काही दशकं इंग्लंडमधल्या मोठ्या घरच्या रात्रीच्या जेवणात पुडिंग संपल्यावर एक छोटासा खारट-झणका पदार्थ यायचा. त्या पदार्थालाच 'अ सेव्हरी' म्हणत. भाजलेल्या पावावर मोहरी घातलेलं वितळतं चीज, त्याचं नाव वेल्श रॅरबिट. पावावर अँचोव्ही नावाचे खारवलेले मासे आणि मऊ ढवळलेली अंडी, ते स्कॉच वुडकॉक. कालवं बेकनमध्ये गुंडाळून भाजायची आणि त्याला म्हणायचं एंजल्स ऑन हॉर्सबॅक, घोड्यावरचे देवदूत! गोडाने तोंड मिटतं, ते मोकळं व्हावं आणि मग पोर्ट वाइन घ्यावी, हा त्यामागचा विचार. आपण पुरणपोळीवर शेवटी ताकभात खातो, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट.

तो रिवाज आता जवळपास गेला, पण शब्दाने जागा धरून ठेवली. दुपारच्या चहाचा तो तीन मजली थाळा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्यात खालच्या मजल्यावर काकडीची, अंड्याची बारकी सँडविचेस असतात, मध्ये स्कोन्स, वर केक. खालचं ते सेव्हरी, आणि खायला सुरुवात तिथूनच करायची. 'पाय' म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ. त्यात सफरचंद घातलं तर स्वीट पाय, मटण घातलं तर सेव्हरी पाय. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गव्हाच्या पिठाची धिरडी गोड सारण घालून खातात आणि कुट्टूच्या पिठाची हॅम, अंडं, चीज घालून. इंग्रजीत समजावताना पहिली स्वीट आणि दुसरी सेव्हरी. थोडक्यात, हा शब्द चवीचं वर्णन फारसं करत नाही. पदार्थ कोणत्या गटात बसतो तेवढं सांगतो.

आणि हा गट मराठी स्वयंपाकघराला परका आहे असं कुणी म्हटलं तर मी मुळीच मानणार नाही. आपल्याकडे त्याला पिढ्यानपिढ्या एक शब्द आहे: तिखटामिठाचं. सांजा दोन प्रकारचा, गोडाचा आणि तिखटामिठाचा. पुऱ्या साध्या आणि तिखटामिठाच्या. मोदकांची उकड उरली की त्यात मीठ, मिरची, जिरं घालून निवगऱ्या करतात. एकाच परातीतल्या उकडीचे मोदक स्वीट झाले आणि निवगऱ्या सेव्हरी. 'काहीतरी तिखटामिठाचं कर गं, गोड खाऊन कंटाळा आला' हे वाक्य भाऊबिजेनंतर प्रत्येक घरात ऐकू येतं. त्या वाक्यातल्या 'तिखटामिठाचं'च्या जागी सेव्हरी बसवून पाहा, जरासुद्धा हलत नाही. शेजारच्या सरांना हे सांगा, त्यांना पटेल. शब्दकोशातला 'रुचकर' आणि स्वयंपाकघरातलं 'तिखटामिठाचं' हे दोन्ही त्या शब्दाचे खरे अर्थ आहेत, आणि फराळाच्या डब्यावर दुसराच लागतो.

'तिखटामिठाचं' म्हणताना आपणही तिखट किती, मीठ किती हे मोजत नाही. तुमच्या चिवड्यात पिठीसाखर असते, बेदाणे असतात, तरी त्याला गोडाचा पदार्थ कुणी म्हणत नाही. अळूवडीत गूळ आणि चिंच दोन्ही, पण ती पानात डावीकडे वाढली जाते, जिलबीच्या शेजारी नाही. सेव्हरीचंही असंच. साखर आहे म्हणून पदार्थ त्या गटातून बाहेर पडत नाही; साखर हीच त्याची मुख्य चव झाली, तर पडतो. त्यामुळे चिवडा बिनदिक्कत सेव्हरीत लिहा.

शंकरपाळ्यांचं तेवढं बघा. तुम्ही पत्रकात गोडाचे धरलेत, पण खारे शंकरपाळेही करत असालच. एकाच नावाचा पदार्थ दोन्हीकडे असला की तिथे हे विशेषण खरं कामाला येतं. 'स्वीट शंकरपाळे', 'सेव्हरी शंकरपाळे' असं स्वच्छ लिहा. बाकी प्रत्येक ओळीत सेव्हरी चकली, सेव्हरी शेव असं लिहायची गरज नाही, वर शीर्षक एकदा आलं की पुरे. अनेकवचनी नाम म्हणून 'सेव्हरीज' लिहिलंत तरी चालतं.

आता मुलाचा 'सॉल्टी'. अमेरिकेत दुकानांच्या भाषेत 'सॉल्टी स्नॅक्स' असा गटच आहे, वेफर्स, प्रेट्झेल्स वगैरे त्यात येतात, आणि तिथे तो शब्द कुणाला खटकत नाही. पण ताटातल्या एका पदार्थाला इंग्रजीत नुसतं सॉल्टी म्हटलं तर ती बहुधा तक्रार असते. मीठ जास्त झालं, खारट झालं. तुमच्या शेवेला कुणी खारट म्हणावं असं तुम्हालाही वाटणार नाही. शिवाय सगळी सेव्हरी वस्तू खारी नसते. कायदा लिहिणाऱ्यांनीही हे दोन शब्द वेगळे ठेवलेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने कुरकुरीत फुलवलेल्या खाऊवरचा कर १८ टक्क्यांवरून १२ वर आणला, त्या नोंदीत पदार्थांचं वर्णन 'सेव्हरी ऑर सॉल्टेड' असं आहे. दोन्हींचा अर्थ एकच असता तर 'ऑर' कशाला घातलं असतं? ब्रिटनच्या १९९४ च्या व्हॅट कायद्यात बहुतेक खाण्याला शून्य दर आहे, पण सवलत नसलेल्या वस्तूंच्या यादीत बटाट्याच्या क्रिस्प्ससोबत 'धान्य फुलवून केलेले सेव्हरी पदार्थ' आणि खारे किंवा भाजलेले दाणे बसलेत. तिथेही सेव्हरी वेगळं आणि खारं वेगळं. आपल्या एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या वर्गवारीत आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत तर १५ क्रमांकाच्या वर्गाचं नावच 'रेडी-टू-ईट सेव्हरीज' आहे. म्हणजे तुमच्या धंद्याचा सरकारदरबारीही हाच शब्द आहे. तो सोडू नका.

सुनेच्या 'स्पायसी'ला दुसरी अडचण आहे. त्या शब्दातून तिकडच्या माणसाला तिखट किती ते कळतं, गट कळत नाही. साध्या तांदळाच्या चकलीला स्पायसी म्हणून तिखट न खाणारं गिऱ्हाईक कशाला घालवायचं? आणि खरोखर तिखट असलेल्या लसणाच्या शेवेला नुसतं सेव्हरी म्हटलं तर खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. तिखटपणा वेगळा सांगा. माइल्ड, मीडियम, हॉट हे तीन शब्द सगळ्यांना कळतात. आपलं माइल्ड म्हणजे तिकडचं बहुतेक वेळा मीडियम, एवढं धरून लिहा. करंजीत वेलदोडा-जायफळ असतं, तिला स्पायसी म्हणू नका. गोडातल्या सुगंधी मसाल्याला 'स्पाइस्ड' म्हणतात. किंवा सरळ 'विथ कार्डमम' लिहा, त्याने तोंडाला पाणी सुटतं.

मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या आमटीचं कौतुक. तिथे त्या बाई गटाबद्दल बोलत नव्हत्या, चवीबद्दलच बोलत होत्या, आणि हा शब्दाचा तिसरा, अलीकडे बळावलेला अर्थ. गोड, आंबट, खारट, कडू या चारांत न बसणारी, भरीव, तोंडात रेंगाळणारी, रस्सा भुरकला की अजून एक वाटी घ्यावीशी वाटायला लावणारी चव. १९०८ साली टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या सारात ही चव शोधली. ती ग्लुटामेट नावाच्या द्रव्यामुळे येते हे दाखवून त्यांनी तिला उमामी नाव दिलं. जपानीत 'उमाई' म्हणजे चविष्ट. पुढच्याच वर्षी ग्लुटामेटची पांढरी पूड अजिनोमोटो या नावाने बाजारात आली, जी आपल्याकडे चायनीजच्या गाडीमुळे सगळ्यांना माहीत झाली. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी ही पाचवी चव मानायला बरीच दशकं घेतली. १९८५ साली हवाईमध्ये उमामीवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि जिभेवर ती चव टिपणारे रिसेप्टर असतात हे २००० च्या आसपास दिसून आल्यावर वाद जवळपास मिटला. इंग्रजीत उमामी समजावताना जो शब्द हटकून वापरतात तो सेव्हरी.

आता तुमच्या आमटीत नेमकं ग्लुटामेट किती, यात शिरायचं कारण नाही, कारण स्वयंपाकघरातली इंग्रजी एवढी काटेकोर नसते. खोबरं, तीळ, धणे, दगडफूल खमंग भाजून केलेला गोडा मसाला, दाट शिजलेली डाळ, त्यावर हिंगाची फोडणी, या सगळ्यातून जो भरीवपणा येतो त्यालाही लोक सेव्हरी म्हणतात. भाजण्यातून येणारा खमंगपणा खरं तर नाकाने कळतो, जिभेने कमी. पण बोलताना माणूस ती दोन वेगळी करत नाही. गुळाने या सेव्हरीपणाला बाध येत नाही. उलट चिंच-गूळ नसते तर त्यांना ती चव इतकी गोल लागली नसती. त्यांनी तुम्हाला मोठी दाद दिली आहे, परवानगी घेऊन ती पत्रकावर छापा.

मात्र कौतुकाच्या भरात पत्रकावर 'उमामी' लिहू नका. बरेच लोक त्या शब्दावरून थेट अजिनोमोटोवर जातात आणि तुमच्या मसाल्यात ते आहे की काय अशी शंका घेतात. सुनेला 'षड्रस' हा शब्दही सुचेल कदाचित, छान दिसतो म्हणून. तोही टाळा. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय या सहांत सेव्हरी म्हणावं असं घर नाही. शिवाय आयुर्वेदातलं कटु म्हणजे मिरीसारखं तिखट आणि तिक्त म्हणजे कडुनिंबासारखं कडू, तर आपल्या रोजच्या मराठीत कटूचं झालं कडू! भाषांतर करताना भले भले इथे घसरतात, तुमच्या चार ओळींच्या पत्रकात हे ओझं नको.

मग चकलीचं कौतुक करायचं कसं? गटाचं नाव वर गेलं की प्रत्येक पदार्थाला त्याचा स्वतःचा शब्द द्या. खुसखुशीत, कुरकुरीत, खमंग, चटपटीत, झणझणीत हे मराठीत पाच वेगळे अनुभव आहेत, आणि इंग्रजीत त्या सगळ्यांवर सेव्हरीचं एकच पांघरूण घातलं तर फराळाची शान जाते. कुरकुरीतला 'क्रिस्प'. खुसखुशीत करंजीला 'फ्लेकी', बेसनाच्या लाडवाला 'मेल्ट-इन-द-माउथ'. चटपटीतला 'टँगी', पण आंबटपणा असेल तरच. खमंगला एका शब्दात पकडता येत नाही, तिथे काय केलंय ते सांगा: भाजणी 'स्लो-रोस्टेड' आहे, तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजल्यात. कृती सांगितली की खमंगपणा वाचणाऱ्याच्या नाकापर्यंत आपोआप जातो. आणि चकलीचं, अनारशाचं नाव बदलू नका. खाली एक ओळ समजावणीची असू द्या, नाव मराठीच.

यूचा प्रश्न सोपा आहे. ब्रिटनमध्ये यू घालतात (savoury), अमेरिकेत घालत नाहीत (savory), आणि दोन्हीकडच्यांना दोन्ही कळतं. भारतात आपण ब्रिटिश स्पेलिंग वापरतो, लेस्टरचं गिऱ्हाईकही तेच वापरतं, तर यू राहू द्या. फक्त एकाच पत्रकात एकदा यू आहे, एकदा नाही, असं व्हायला नको. उच्चार 'सेव्हरी', पहिला 'से' सेवेतला. 'सॅव्हरी' नाही.

त्या पाककृतीतली 'एक चमचा सेव्हरी' हे अगदी वेगळं प्रकरण आहे, शब्द दिसायला सारखा एवढंच. ती एक वनस्पती, पुदिन्याच्या कुळातली, सातुरेया हे तिचं लॅटिन नाव, आणि इंग्रजी नावही त्यावरूनच आलंय. चवीच्या सेव्हरीशी त्याचं नातं नाही. उन्हाळी आणि हिवाळी असे तिचे दोन प्रकार. हिचं स्पेलिंग ब्रिटनमध्येही यूशिवाय करतात. जर्मन लोक ती घेवड्याच्या शेंगांत आणि कडधान्यांत इतकी घालतात की तिला शेंगांची पाला-भाजी अशा अर्थाचं नाव पडलंय, आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर कोंबडी-टर्कीच्या सारणात ती लागतेच. वास थाइमच्या जवळचा. आपल्याकडे सहज मिळत नाही; पाककृती करायचीच असेल तर वाळलेली थाइम घाला, ती मोठ्या किराणा दुकानात मिळते. पाककृतीत 'चमचा' असं माप आलं की वनस्पती समजा, 'डिश' किंवा 'स्नॅक' आलं की तिखटामिठाचं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगणं भाग आहे, कारण चवीच्या शब्दापेक्षा ती महत्त्वाची. 'सेव्हरी' किंवा 'स्वीट' यातून आत काय आहे ते कळत नाही, आणि तिकडे काही जणांना अमुक पदार्थ खाल्ला तर जिवावर बेततं. भाजणीच्या चवीसाठी 'नटी' हा शब्द इंग्रजीत सुंदर आहे, पण फराळावर तो लिहू नका. दाण्यांची ॲलर्जी असलेला माणूस तो वाचून गोंधळेल. ब्रिटनमध्ये १४ घटकांची यादी आहे, ते पदार्थात असतील तर घटकांच्या ओळीत ठळक छापावे लागतात. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, ग्लुटेन असलेलं गव्हासारखं धान्य यांच्यासोबत त्यात तीळ आहेत आणि मोहरीसुद्धा. म्हणजे तुमची चकली तिळामुळे आणि चिवडा फोडणीमुळे त्या यादीत येतो. अमेरिकेतही १ जानेवारी २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत आहेत. ब्रिटनच्या यादीत सल्फाइट्स, म्हणजे गंधकाचे टिकवणारे पदार्थही आहेत. तुमचा सांगली-तासगावचा पिवळा बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असेल तर व्यापाऱ्याला विचारून तेही लिहा. तुपाच्या पदार्थांना तिकडे आणखी नियम लागतात, ते डबे पाठवणाऱ्या कुरिअरवाल्याकडून आधी पक्के करून घ्या. आणि भाजणीत गहू नाही म्हणून चकली गव्हाशिवायची असं धरून चालू नका: आपल्याकडे मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. डबीच्या मागे घटक छापलेले असतात, ते वाचा, आणि गहू असेल तर चकलीच्या ओळीत तो ठळक टाका.